घर बघून आले गं तुझं

प्रिय तू,

आपल्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं घर बघितलं. सुंदर आहे, आणि ते घ्यायचं नाही. लगेच फोन करू नकोस, आधी पत्र पुरतं वाच. तुझी घाई मला ठाऊक आहे. मधल्या सुट्टीच्या आधीच डबा संपवणारी तू, फोटोतली जास्वंद बघून विरघळलीस ना?

जास्वंद खरोखरच देखणी आहे. आतला रंगही नवाकोरा. पण तुला सांगते, माझं लक्ष आधी बटणांच्या बोर्डांकडं गेलं. खालच्या मजल्यावरचे सगळे बोर्ड माझ्या खांद्याच्याही वर बसवलेत. इतक्या उंचावर बोर्ड कोण बसवतं? ज्याच्या घरातून पाणी जाऊन आलंय तोच. स्वयंपाकघराच्या खिडकीची खालची बिजागरी गंजून लाल झालेली आणि वरची अगदी लखलखीत. मालक म्हणाले, "अंगणात आलं होतं थोडंसं." बाहेर आले तर समोरच्या कट्ट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना मी आपलं साधंच विचारलं, नळाला पाणी किती वाजता येतं? तर म्हणाल्या, "बाई, पानी कवा येतंय ते इचारू नगासा, कुठवर येतंय ते इचारा!" मग हात उंच करून त्यांनी 2019 चं पाणी दाखवलं आणि 2021 चं दाखवायला चक्क पायरीवर चढल्या. अशी माहिती कुठल्या कचेरीत मिळणार सांग?

तरी कचेरीतही जाऊन आले. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांच्या नकाशावर निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. तुझं जास्वंदीचं घर निळ्या रेषेच्या आत आहे गं. पंचगंगेला आपण आई मानतो, म्हणून काय तिच्या वाटेत बसायचं? राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांवर इशारा आणि 43 वर धोका, हे आकडे तर आपल्याला पाढ्यांबरोबरच पाठ झालेत.

2024 च्या जुलैअखेरही तिनं धोक्याची पातळी ओलांडली होती. गावाचा जीव टांगणीला लागलेला, आणि त्यातच 1 ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीला स्वप्नील कुसाळे उभा राहिला. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला पोरगा. तू नव्हतीस ना इथं, म्हणून तुला सांगते. आमच्या गल्लीत तोवर कुणालाही 50 मीटर थ्री पोझिशन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दुपारपर्यंत सगळे पंडित झाले! शेजारचे काका ओली छत्री बंदुकीसारखी धरून भर पावसात समजावून सांगत होते : आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं राहून. पालथं तेवढं काकूंनी होऊ दिलं नाही. पात्रता फेरीत सातवा आलेला स्वप्नील अंतिम फेरीत 451.4 गुणांवर ब्राँझ घेऊन थांबला, तेव्हा काकांचे डोळे भरून आले. माझेही आले. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सोनं आणलं. त्या आपल्या मुलींच्या वेळीही मी अशीच रडले होते. आपल्या लाल मातीतलं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेलं माणूस तिथं उभं राहतं तेव्हा मला माझंच कुणीतरी वाटतं, आणि ते तसं वाटावंच.

आता तू कराडची सून म्हणून आवाज चढवशील, "पहिलं पदक आमच्या खाशाबांचं!" खरंच आहे. 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं, आणि महाराष्ट्राच्या माणसाला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. गोळेश्वर तुमचं, ते मी कधी नाकारलंय? पण राजाराम कॉलेज आमचं! आणि खाशाबांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकणारे प्राचार्य खर्डेकर राजाराम कॉलेजचेच. तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग.

खर्डेकर सर आज आठवायला कारण आहे. वकिलांकडं बसले होते. ते म्हणाले, कागद चोख हवे असतील तर प्रॉपर्टी कार्डावर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. पेन्सिलनं यादी करता करता मनात आलं, त्या काळी खर्डेकर सरांच्या घराचे कागद कुणी असेच तपासले असते तर गहाणाची नोंद बघून मान हलवली असती. परत आल्यावर खाशाबांनी इथल्या दोस्तांच्या मदतीनं कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले, जिंकले आणि पैसे सरांच्या हाती दिले, घर सुटावं म्हणून. असा बोजा असलेलं घर मी डोळे मिटून घेतलं असतं! पण तुझ्यासाठी मिटणार नाही. तीस वर्षांचा शोध घ्यायला वकिलांना सांगितलंय. घरफाळा आणि पाणीपट्टी थकली आहे का, बांधकाम परवाना आणि प्रत्यक्षातलं बांधकाम जुळतं का, हे सगळं बघणार.

हे सगळं शिवाजी पेठेतल्या दुसऱ्या घरासाठी, बरं का. ते लाल रेषेच्याही बाहेर आहे. दिसायला साधं, जिना अरुंद, जास्वंद नाही. (लावू की.) अडचण एकच, मालकी चार भावंडांची आहे आणि त्यातली एक बहीण इंदूरला. भाऊ म्हणतात, "ती काही म्हणणार नाही." मी म्हटलं, म्हणणार नसेल तर सही करायला तिला काय जड आहे? हक्कसोडपत्र नोंदवून आणा, नाहीतर खरेदीखतावर चौघांच्या सह्या हव्यात. शिवाय व्यवहाराआधी पेपरात जाहीर नोटीस द्यायचीच.

आणि तुझ्या लेकाला मात्र हेच घर आवडेल. गल्लीत पोरं फुटबॉल खेळत होती. एकानं मला अडवून विचारलं, "काकू, घर घेणाऱ्यांचा पोरगा कुठं खेळतोय?" मी म्हटलं, तिकडं टोरांटोत खेळतो, डाव्या पायानं. लगेच त्यांची कुजबुज सुरू झाली, आपल्याला डावा पाहिजेच आहे म्हणून! 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आणि पुढं व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेला अनिकेत जाधव आपल्याच कोल्हापूरचा. त्यांच्यातल्या गोलकीपरनं मला त्याची सगळी कारकीर्द घडाघडा सांगितली. तुझ्या नवऱ्याला शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या बाजूनं ओरडायची सवय आहे, ती त्याला या गल्लीत आवरती घ्यावी लागेल. शिवाजी तरुण मंडळाची पेठ आहे ही, आधीच सांगून ठेव.

तोवर टोकन म्हणून एक रुपयाही पाठवू नकोस, मालकांनी कितीही घाई केली तरी. मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठव. त्यात "खरेदीच्या दस्तावर सही करणे" हे स्पष्ट लिहायला लाव, मोघम नको. इंदूरच्या ताईंचा फोन नंबर मिळालाय, उद्या त्यांच्याशी बोलते.

तुझीच,
मी