परक्या घरची बाहुली

रहिमतपूरला एका घरी आशीर्वादाला गेलो होतो. पवित्र पाणी शिंपडताना येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी रंगीत लाकडी बाहुली दिसली. मुलाने ती अमेरिकेहून, ॲरिझोनातून आणलेली. आजींनी हळूच विचारले, "फादर, हा परका देव घरात चालेल का?"

खरे सांगतो, "काढून टाका" हे शब्द ओठांवर आले होते. पण बाहुलीविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. "पुढच्या भेटीत सांगतो," म्हणालो आणि मग वाचू लागलो.

ती होपी आदिवासींची कचिना बाहुली. कोरड्या पठारावर मका पिकवणाऱ्या या लोकांच्या श्रद्धेनुसार कचिना हे पाऊस आणणारे आत्मे. ते हिवाळ्यात गावात येतात आणि जुलैत पर्वतावर परततात. माणदेशाच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ही आळवणी समजावून सांगायला नको. होपी पुरुष कॉटनवूड झाडाच्या मुळापासून बाहुली कोरतात. विधीच्या वेळी कचिनाचे रूप घेतलेले नर्तक ती लहान मुलींना देतात. घरात टांगलेल्या बाहुलीवरून मूल एकेक कचिना ओळखू लागते. ती पूजेची मूर्ती नव्हे. आपला नाताळचा गोठा किंवा पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या रामायण सांगणाऱ्या कळसूत्री बाहुल्या मुलांना याहून वेगळे काय शिकवतात?

पुढचे वाचन जड गेले. त्या प्रदेशात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी कचिना नृत्यांवर बंदी आणली, मुखवटे जाळले. १६८० साली तेथील लोकांनी उठाव केला. धर्मगुरू मारले गेले, चर्चेस उद्ध्वस्त झाली. आणि कचिनांचे निवासस्थान मानलेल्या पर्वताला आमच्याच लोकांनी असिसीकर संत फ्रान्सिसचे नाव दिलेले!

हा अवमान जुन्या काळापुरता नाही. २०१३ साली होपींचा विरोध डावलून पॅरिसमध्ये त्यांच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या लिलावात ॲननबर्ग फाउंडेशनने २४ वस्तू खरेदी केल्या, त्या परत करण्यासाठी. त्यांतील २१ होपींच्या होत्या. विक्रीसाठी कोरलेली बाहुली घेण्यात गैर नाही; परंतु दुसऱ्याचे पवित्र ते बाजारात मांडण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पुढच्या भेटीत आजींना म्हटले, "बाहुली राहू द्या. फक्त तसबिरीशेजारून काढून दुसऱ्या भिंतीवर लावा. आणि ती कोणाची, कशासाठी, हे नातीला सांगा."

ओठांवरचा तो शब्द त्या दिवशी गिळला, याबद्दल मी परमेश्वराचे आभार मानतो.