दोन तालान्तांचा मान

मत्तयच्या शुभवर्तमानातील तालान्तांचा दाखला उपासनेच्या त्रैवार्षिक क्रमात दर तीन वर्षांनी, सामान्य काळाच्या तेहतिसाव्या रविवारी वाचला जातो. परदेशी निघालेला धनी एका चाकराला पाच तालान्त देतो, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. ज्याची त्याची योग्यता पाहून देतो. तिसरा भितो आणि आपला वाटा जमिनीत पुरून ठेवतो. ह्या दाखल्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे आणि दर वेळी आमचे बोट त्या तिसऱ्या चाकराकडे राहिले आहे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मात्र ते आमच्याकडेच वळले.

सांक्रिस्तीच्या दाराशी एक तरुणी उभी होती. सोबत नववीतला एक मुलगा. "फादर, ओळखलंत का?" तिने विचारले. आम्ही ओळखले. आम्ही एका शाळेचे व्यवस्थापक असताना ती तिथे शिकत होती. "हा माझा मामेभाऊ. दहावीला गणित कोणतं घ्यायचं, ते ह्याला आता ठरवायचं आहे. मामा म्हणाले, फादरांना विचार." मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "मी म्हणते फादर, ह्या वेळी तुम्ही त्याला विचारा."

तिच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच ते शब्द आम्हाला अधिक लागले.

ही गोष्ट २०१२ सालची. त्या काळी आमच्या राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांपुढे दोन वाटा होत्या. एक बीजगणित व भूमितीची, दुसरी सामान्य गणिताची. दुसरीत व्याज, शेकडेवारी, क्षेत्रफळ असा व्यवहारोपयोगी भाग होता. ज्याला पुढे गणिताशी कर्तव्य नाही, त्याच्यासाठी ती सोय उत्तमच होती. परंतु सोय कोणाची पाहिली जाते, हाही प्रश्न असतो. शाळेला शंभर टक्के निकालाची आस लागली होती. चाचणीत मागे पडलेल्या मुलांची यादी आमच्या मेजावर आली आणि त्यांना सामान्य गणित द्यावे असे ठरले. ह्या मुलीचे नाव त्या यादीत होते.

बीजगणितात ती खरोखरच कच्ची होती. चिन्हे बदलताना गोंधळायची. पण तिचे वडील वाडी करणारे. त्यांनी आम्हाला एकदा मोठ्या कौतुकाने सांगितले होते की, नव्या गोठ्याचा पाया आखताना लेकीने दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारल्या, ती ताणून त्रिकोण केला आणि काटकोन अचूक साधला. गवंड्याचा गुण्या लावून पाहिला तर तसूभर फरक नाही. आम्ही हसून "वा!" म्हटले आणि विसरलो. जे पायथागोरसचे प्रमेय तिला फळ्यावर जड जात होते, ते तिने जमिनीवर उभे केले होते. एवढे आमच्या ध्यानात यायला हवे होते. यादीवर सही करताना ते आठवलेही नाही. तिच्या वडिलांना बोलावून सांगितले, तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "फादर, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही काय आमचं वाईट थोडंच कराल?"

मुलीला कोणी विचारले नाही. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, शाळेचा निकाल लागला, आम्ही तो वेदीवरून अभिमानाने जाहीर केला. जून महिन्यात ती स्थापत्याच्या पदविकेसाठी चौकशीला गेली, तेव्हा सामान्य गणित चालणार नाही असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. आज ती एका पतपेढीत हिशेब सांभाळते आणि चोख सांभाळते. तिचे आयुष्य वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही, तिला ते आवडणारही नाही. पण एक दार बंद झाले आणि कडी आम्ही घातली, हे खरे.

पुढे मंडळाने सामान्य गणित बंद केले. आता बीजगणित व भूमिती यांच्या चाळीस-चाळीस गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका सर्वांना सारख्याच असतात. मग प्रश्न सुटला का? आम्हाला तसे वाटत नाही. सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. प्रमेये पाठ करून, गणिताच्या धास्तीने रात्री जागणारी मुले आजही आमच्यापाशी आशीर्वाद मागायला येतात.

केंद्रीय मंडळाने दुसरा मार्ग धरला. दहावीच्या २०२० च्या परीक्षेपासून त्याने गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन स्तर केले. अभ्यासक्रम एक, फक्त प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी निराळी. बेसिक उत्तीर्ण झालेल्याचे मन बदलले तर पूरक परीक्षेत स्टँडर्ड देण्याची मुभा २०१९ च्या परिपत्रकानेच ठेवली. अकरावी-बारावीसाठी २०२०-२१ पासून उपयोजित गणित हा वेगळा विषयही आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही २०२० साली विषय दोन स्तरांवर शिकवता येतील आणि त्याची सुरुवात गणितापासून करता येईल, असे सुचवले आहे.

हा विचार तसा नवा नाही. सेमिनरीत असताना आम्ही येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांच्याविषयी वाचले होते. १५८२ साली ज्या पंचांगसुधारणेने ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला, तिच्यामागील गणनेत त्यांचा मोठा वाटा होता. रोमच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या ह्या धर्मगुरूने साधारण त्याच सुमारास गणिताच्या अध्ययनाचे तीन क्रम आखले. ज्याला विषय संपूर्ण आत्मसात करायचा आहे त्याच्यासाठी दीर्घ, दुसरा त्याहून आटोपशीर आणि तिसरा सर्वांत लहान. पुढे १५९९ च्या येशूसंघीय शिक्षणसंहितेने तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी रोज सुमारे पाऊण तास गणित ठेवले आणि ज्यांना त्याची गती व गोडी आहे, त्यांच्यासाठी खाजगी शिकवणीची तरतूद केली. पंगत सर्वांना, ज्याची भूक मोठी, त्याला आणखी वाढायचे. कोणाच्या कपाळावर शिक्का नाही.

म्हणून वाटा दोन असाव्यात की एक, हा वाद आम्हाला दुय्यम वाटतो. वाट कोण निवडतो, ती निवडताना पुढची कोणती दारे बंद होणार हे त्याला आधी सांगितले आहे का, आणि परतायचे झाल्यास पाऊलवाट शिल्लक आहे का, हे खरे प्रश्न. शिवाय सोप्या वाटेवरच्या मुलांना शिक्षक कोण मिळतो, तेही पाहावे लागते. सोपे गणित म्हणजे टाकाऊ तास अशी समजूत झाली की तो वर्ग म्हणजे तालान्त पुरायचा खड्डाच होतो. आणि तो खड्डा मुले खणत नाहीत. निकालाला भ्यालेले आम्ही वडीलधारे खणतो.

त्या मुलाला आम्ही बोलावले आणि विचारले. प्रथम तो गप्पच राहिला. हा प्रश्न त्याला कोणी केलाच नव्हता. पुढे आमच्या विनंतीवरून एका निवृत्त शिक्षिकेने आठवड्यातून दोनदा त्याची तयारी करून घेतली. दोन्ही स्तरांचे प्रश्न त्याने सोडवून पाहिले. पुढे काय उघडे राहील आणि काय नाही, हेही त्याला समजावले. दहावीचा अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा त्याने स्वतः सांगितले, "फादर, मला स्टँडर्ड जमेल. पण मला हॉटेलच्या कामाचं शिकायचं आहे. मी बेसिक घेतो, आणि तो वेळ इंग्रजीला देतो." २०२५ च्या परीक्षेत तो बेसिक गणित घेऊन उत्तीर्ण झाला. पेढे घेऊन त्याची आतेबहीणच आली.

बहिणीच्या वाटेसारखीच त्याचीही वाट. फरक एवढाच की ती त्याने निवडली.

ती गेल्यावर आम्ही दाखला पुन्हा उघडून वाचला. इतकी वर्षे न जाणवलेली एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. धनी परत येतो तेव्हा पाचाचे दहा करणाऱ्याची तो ज्या शब्दांत वाखाणणी करतो, अगदी त्याच शब्दांत दोनाचे चार करणाऱ्याचीही करतो. एक अक्षर कमी नाही. पुढच्या वेळी त्या रविवारी आम्ही प्रवचन करू, ते ह्या दुसऱ्या चाकरावर.