डी ड्राइव्हवरचं बियाणं

आईनं गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक २००२ साली आमच्या बार्शीच्या दुकानात जुळवून तयार होतं. आम्ही डीटीपी करायचो, त्यामुळे अक्षरजुळणी घरचीच होती. पण कागदाचे पैसे जमेनात, पुढं आई आजारी पडली आणि पुस्तक राहूनच गेलं. मूळ वह्या नंतर वाळवीनं खाल्ल्या. मागं उरलं ते माळ्यावरचं जुनं मशीन: ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ९८.

गेल्या दिवाळीत ते खाली काढलं. आतली धूळ ब्रशनं झाडली. मदरबोर्डवरचा बटणसेल, सीआर २०३२, संपला होता. तो घड्याळाच्या दुकानातून आणून बदलला. मशीन सुरू झालं, पण ढगांच्या चित्रापाशी येऊन थांबायचं ते थांबायचंच.

मी आधी हार्ड डिस्क काढली, अ‍ॅडॅप्टरनं लॅपटॉपला जोडली आणि त्यातलं सगळं उतरवून घेतलं. पुस्तकाची पेजमेकर ६.५ची फाइल डी ड्राइव्हवर शाबूत होती. पण लॅपटॉपवर तिच्यातला मजकूर पाहिला तर ओव्यांच्या जागी डॉलर, कंस आणि वर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट असेच असत. मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले. तोच फॉन्ट असेल तर मराठी, नाहीतर निव्वळ खडी. आणि आमचं फॉन्टचं सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात त्याचं लॉक लावावं लागायचं. लॅपटॉपला ते पोर्टच नाही. म्हणजे जुनं मशीनच उभं करायला हवं होतं.

विंडोजची सीडी सापडली, पण तिच्यावर बुरशीची नक्षी उमटलेली. सीडी ड्राइव्हही कुठलीच चकती वाचत नव्हता. तेव्हा आमचं मशीन बसवून देणारे काका आठवले. त्यांनी पहिल्याच दिवशी सीडीतला विन९८ हा फोल्डर डी ड्राइव्हवर उतरवून ठेवला होता. शंभर एमबीच्या वर जागा जात होती म्हणून माझे वडील, अण्णा, कुरकुरले. काका म्हणाले, "अण्णा, सीडी कुणीतरी मागून नेतं आणि परत येत नाही. बियाणं घरात असावं." त्या फोल्डरशेजारी त्यांनी डिस्प्लेचा ड्रायव्हर, पेजमेकर आणि फॉन्टच्या सेटअपचेही फोल्डर ठेवले होते.

आता हवी होती फक्त स्टार्टअप फ्लॉपी. काकांनी केलेल्या तीनपैकी दोन फ्लॉप्या मेल्या होत्या. तिसरी खरखरत का होईना, वाचली गेली आणि पडद्यावर ए ड्राइव्हचा प्रॉम्प्ट आला. डिस्कला दोन भाग होते. सी पुसायचा होता आणि डी जपायचा होता. फॉरमॅटची कमांड द्यायच्या आधी मी दोन्हींची डिर यादी दोनदा पाहिली. 'सी ड्राइव्हवरचं सगळं नष्ट होईल, पुढं जायचं का?' असं मशीननं विचारलं. प्रत हाताशी होती, तरी वाय दाबताना बोट जड झालं.

सेटअप चालवण्याआधी विन९८ फोल्डरमधलं स्मार्टड्राइव्ह चालवायचं, हा काकांचा नियम. ते डिस्कचा मजकूर मेमरीत साठवत राहतं, म्हणून डॉसमधली फाइलींची नक्कल कितीतरी वेगानं होते. त्याशिवाय हेच काम रात्रभर रेंगाळतं. मग डी ड्राइव्हवरूनच सेटअप सुरू केला. आधी स्कॅनडिस्कनं डिस्क तपासली. मग कॅब नावाच्या बांधलेल्या गाठोड्यांतून एकेक फाइल सुटून सी ड्राइव्हवर जाऊ लागली. पुढं पंचवीस अक्षरांची की मागितली. ती अण्णांनी उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर, पाच-पाच अक्षरांचे गट पाडून लिहून ठेवली होती. मग कॅब नावाच्या बांधलेल्या गाठोड्यांतून एकेक फाइल सुटून सी ड्राइव्हवर जाऊ लागली. पाऊण तासात विंडोज उभं राहिलं.

डी ड्राइव्हवरून बसवल्याचा फायदा पुढंही दिसला. विंडोज आपण कुठून आलो ती जागा लक्षात ठेवतं. प्रिंटर जोडला तेव्हा त्याला लागणाऱ्या फाइली त्यानं आपणहून तिथूनच उचलल्या, सीडी मागितली नाही. सोळा रंगांचा पडदा डिस्प्लेचा ड्रायव्हर घातल्यावर नीट झाला. पेजमेकर बसला. शेवटी फॉन्ट बसवला, पोर्टात लॉक खोचलं आणि फाइल उघडली.

पडद्यावर आईचं नाव मराठीत उमटलं. मी खुर्ची ओढून पान न् पान वाचत गेलो.

या विंडोजची देखभाल ११ जुलै २००६ला थांबली. त्यानंतर अशा मशीनवर मागं राहिलेल्या मजकुराची जबाबदारी ज्याची त्यालाच घ्यावी लागते. नुसती फाइल जपून भागत नाही. ती उघडणारा प्रोग्राम, तिचा फॉन्ट, त्या प्रोग्रामला चालवणारं विंडोज आणि ते बसवण्याच्या फाइली, असं सगळं कुळ जपावं लागतं. काकांनी ते जपलं होतं, म्हणून आईचं पुस्तक वाचलं. मी प्रिंटरऐवजी फाइलमध्ये छपाई करून पोस्टस्क्रिप्ट काढली आणि लॅपटॉपवर तिची पीडीएफ केली. तो डी ड्राइव्ह आता जसाच्या तसा माझ्याकडे आणि बहिणीकडे आहे.

पीडीएफ समोर ठेवून आता मी ओव्या युनिकोडमध्ये टंकतो आहे. एकसष्टाव्या पानावर एका ओवीची दुसरी ओळ रिकामी आहे आणि तिथं अण्णांनी जुळवलेली बारीक सूचना आहे: 'हिला विचारून भरणे.' विचारायचं राहून गेलं होतं. मी पंढरपूरला मावशीला फोन लावला आणि पहिली ओळ वाचून दाखवली. ती क्षणभर गप्प झाली, आणि मग पुढची ओळ तिनं गाऊनच सांगितली.