डबा घरचा, जिन्नस वाण्याचा

सत्तरच्या दशकातल्या गिरगावात दिवाळीची पहिली चाहूल लागायची ती वाण्याच्या यादीने. आई पाठकोऱ्या कागदावर रवा, मैदा, बेसन, भाजके पोहे, खसखस असं एकाखाली एक लिहायची आणि आम्हां पोरांकडे डबे पुसून पिशव्यांत भरायचं काम यायचं. पिशव्या म्हणजे वडिलांच्या जुन्या पँटच्या पायांच्या. तळाला दुहेरी शिवण, बंद नाडीचे. तेलाची किटली मात्र वेगळ्या हातात, कारण तिचा ओघळ कुणाला लागेल याचा नेम नसे.

दुकानात खरी मजा असायची पुडी बांधण्यात. शेठ वर्तमानपत्राचा चौकोन घेई, त्यावर डाळ ओती, चार घड्या अशा काही घाली की कोपरे आपोआप आत जात. मग डोक्यावर टांगलेल्या रिळातून दोरा ओढून एक फेरा आडवा, एक उभा, आणि बोटाभोवती पीळ देऊन हिसक्यासरशी तो तोडायचा. कात्री त्या दुकानात मी कधी पाहिली नाही. डबा नेला तर, “द्या वहिनी, धडा करतो,” म्हणत रिकामा डबा एका पारड्यात ठेवी, दुसऱ्यात तेवढ्या वजनाचे खडे टाकी आणि मग तूप मोजी.

घरी आल्यावर दोरा पुठ्ठ्याला गुंडाळला जाई, कागद हाताने सरळ होऊन फडताळात डब्यांखाली जाई. चकल्याही त्याच कागदावर निथळत. छपाईची शाई खाण्यात उतरते, हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. ती एक गोष्ट परत आली नाही तरी चालेल.

दूध आरेचं. वसाहत 1949 सालची, आमच्या जन्माआधीची. आमच्या वाट्याला आली ती तिच्या दूधकेंद्रावरची पहाटेची रांग. काचेची रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली हाती पडत नसे. बाटलीवरचं पातळ ॲल्युमिनियमचं झाकणसुद्धा वाया गेलं नाही. बहिणी ती धुऊन, दोऱ्यात ओवून दाराला तोरण करत. देवासाठी फुलं यायची ती पानात बांधून, आणि फुलवाला ती पुडी कडीला अडकवून जायचा. निर्माल्यातून वेगळं काढायचं काही नसेच.

पर्यावरण हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारल्याचं आठवत नाही. पैसा जपून वापरायचा होता, एवढंच. आणि या टापटिपीचं ओझं होतं आईच्या हातांवर: तेलकट किटल्या राखेने घासायच्या, बरण्या उन्हात वाळवायच्या. पावसात पुडी भिजून साखर रस्त्यावर सांडली की बोलणीही तीच खाई. प्लॅस्टिक आलं तेव्हा तिला हायसं वाटलं असेल, तर तिला नावं कशी ठेवावी?

गंमत म्हणजे प्लॅस्टिकलाही तिने घरचे नियम लावले. साडीच्या दुकानातून आलेली पहिली पिशवी तिने धुतली, चिमटा लावून दोरीवर वाळत घातली आणि गादीखाली ठेवली. लग्नकार्याला जाताना ती बाहेर निघायची. बहिणीने रंगीत वायरची विणलेली बास्केट तर मंडईत वर्षानुवर्षं हिंडली. दूध पिशवीत येऊ लागल्यावर रिकाम्या पिशव्या धुऊन साठायच्या आणि रद्दीवाल्याकडे जायच्या. मला विचाराल तर बिघडलं ते प्लॅस्टिक घरात आलं तेव्हा नव्हे. दहा रुपयांच्या कोथिंबिरीला फुकटची पातळ पिशवी मिळायला लागली तेव्हा. जी गादीखाली ठेवण्याच्या लायकीचीच नाही, ती कोण जपणार?

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. इतक्या पावसाला तुंबायला निमित्त लागत नाही, हे खरं. पण गटारांच्या तोंडाशी अडकलेल्या त्या पिशव्या तेव्हा सगळ्यांच्या नजरेत भरल्या. राज्याने 23 मार्च 2018 ला बंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठेवला. सुरुवातीला धाक होता. आता भाजीवाला पाटीखालून पिशवी काढतो, आणि आपणही ती हसतमुखाने घेतो.

बंदी भाजीवाल्याच्या पाटीखाली पोचायची तेव्हा पोचेल. या दिवाळीला चक्का, बासुंदी, फरसाण आणायला निघाल तेव्हा घरातला झाकणाचा डबा सोबत घ्या. दुकानदार कुरकुरला तर त्याच्या काट्याकडे बोट दाखवा. धडा करायला त्याला आता खडे शोधावे लागत नाहीत. रिकामा डबा ठेवून एक बटण दाबलं की काटा शून्यावर येतो.