पहाटेचं पाणी कुणी सोडलं?

कोल्हापूर, माघ

चि. सोनूस,



तुझा व्हिएतनाममधला फोटो परवा आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. फोटो झकास आहे, त्यात वाद नाही. चुनखडीचे डोंगर, धुकं, मधे पाण्यानं भरलेली खाचरं. पण खाली तू लिहितेस, ‘मामा, उजाडताना इथं चिटपाखरू नसतं. सगळं शिवार माझं एकटीचं!’ मी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात शंकूसारख्या टोप्या घालून बायका कमरेत वाकलेल्या. मी चार मोजल्या, तुझी मामी म्हणते पाच. गार पाण्यात उभ्या आहेत बिचाऱ्या, आणि तुला चिटपाखरू दिसत नाही होय गं?

तू विचारलंस ते साधं होतं: ऐन थंडीत भाताची लावण कशी काय? आपल्याकडं रोपलावण म्हणजे आषाढ, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद. म्हणून तुला नवल वाटलं. तू आहेस त्या निन्ह बिन्हला, तांबड्या नदीच्या खोऱ्यात, भाताची दोन पिकं निघतात. पहिलं आत्ता लावायचं, ज्येष्ठाच्या सुमारास कापायचं, दुसरं पावसाळ्यात. पण आत्ता तिथं पाऊस कुठला? नुसती भुरभुर. मग खाचरात एवढं पाणी आलं कुठनं, हे विचारायला हवं होतंस. ते वरनं सोडलेलं आहे. होआ बिन्ह, थाक बा, तुयेन क्वांग ही वीज करणारी धरणं. जानेवारी-फेब्रुवारीत ठरवून काही दिवस ती जादा पाणी सोडतात, नदी चढते, आणि खालचे प्रांत तेवढ्या दिवसांत पंप लावून शेतं भरून घेतात. होआ बिन्ह रशियनांच्या मदतीनं बांधलं, १९७९ ला सुरू केलं आणि १९९४ ला पुरं झालं. तुझ्या फोटोतलं ढगांचं ते सुंदर प्रतिबिंब त्या पाण्यात पडलंय. कुणीतरी ते सोडलं म्हणून पडलंय.

आता तू म्हणशील, मामाचं पाटबंधारे सुरू झालं. झालंच. माणसानं कुठल्याही मुलखात गेलं की आधी विचारावं, पाणी कुणाचं, कुणी सोडलं, कुणाच्या रानात आधी जातं. देवळं मग बघावीत. आणि पहाटे हिंडणाऱ्यानं तर आदल्या रात्रीपासून हिशेब धरावा. तुम्हा फिरस्त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. शिवारात त्या वेळी रात्रपाळी सुटत असते.

आपल्या आबांचंच बघ. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, आणि उसात दारं धरायला एकटा माणूस. पाचटात घोणस असते, राधानगरीकडं गवाही आडवा येतो. सकाळी बांधावरनं परतताना त्यांना कुणी पाहुणा भेटला तर म्हणणार, वा, गावातली माणसं किती लवकर उठतात! अरे बाबा, ते झोपलेच नव्हते. त्यात आता उपसाबंदीचे दिवस येतील. मग पाणक्याच्या मागं सगळं गाव.

तुझं दुसरं वाक्य तर जास्त लागलं: ‘आपल्याकडं असं काही उरलंच नाही.’ कधी बघितलंस? गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन शिवाजी पूल ओलांडायचा, आंबेवाडीवरनं प्रयाग चिखलीला जायचं. राधानगरीचं पाणी भोगावतीतनं तिथं संगमावर येतं आणि पंचगंगा होतं. ते धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, पुरं व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. पुढं नदीत जागोजाग आपले कोल्हापुरी बंधारे. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पुढचा पावसाळा लागायच्या आत काढायचे. २०१९ ला आणि २०२१ ला आंबेवाडी आणि चिखली ही दोन्ही गावं पाण्यात होती. वर सोनतळीला घरं झाली तरी शिवार खालीच आहे, मग माणसं जातील कुठं?

आणि गुऱ्हाळं. रात्रीच चुलवाण पेटतं. काहिलीत रस उकळतो, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत बसायचं. गुळव्या काही मोजत नाही, घड्याळ नाही, तापमापक नाही. उलथण्यावरची तार आणि पाण्यात टाकलेली गोळी बघून सांगतो, उतरवा. एक क्षण चुकला तर रवा बसत नाही. चिखलीच्या रानावर सकाळी जे धुकं दिसतं, त्यात चुलवाणाचा धूरही मिसळलेला असतो. चिपाडांच्या ढिगावर तू काय पराक्रम केला होतास ते आठवतंय ना? तुझ्या आईला मी अजून बोललेलो नाही.

व्हिएतनाम बघू नकोस असं मी म्हणत नाही. बघ. ताम कोकला बायका पायांनी वल्ही मारतात म्हणे, तेही बघ आणि त्यांना पैसे नीट दे. पण बांधावरनं चालताना समोर कुणी आलं की तू खाली उतर. ओझं त्यांच्या अंगावर असतं. आणि आडरानातनं अंधारात जाऊ नकोस. तिकडं उंदरांसाठी शेतात विजेची तार सोडतात, माणसं दगावलीत त्यानं. आपल्याकडं डुकरांसाठी सोडतात तसंच. बांधाच्या कडेला तार दिसली तर मागं फिर.

पुढं क्वांग त्रीला जाणार म्हणतेस. १९७५ ला लढाई संपली तरी तिथल्या मातीत न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात. तिथं मळलेली वाट सोडायची नाही. गवतात फुलाचा फोटो काढायला जायचं नाही. लोखंडाचं काही पडलेलं दिसलं तर पायानं ढकलायचं नाही. हे तिन्ही कागदावर लिहून पाठीवरच्या त्या पोत्यात वरच ठेव. मोटारसायकल भाड्यानं घेऊ नकोस. तिकडं रस्त्याच्या उजवीकडनं चालवतात, आणि तुझं डावीकडचंच मला माहीत आहे. बस घे. दिवसाची घे.

तुझी आई फोनवर काही बोलत नाही, पण रोज तिकडचं हवामान बघते. तिला दिवसाआड आवाज ऐकव, नुसते फोटो नकोत. पैसे कमी पडत असले तर तिला न सांगता मला कळव.

तुझा,
मामा