आत्याच्या वाट्याची पुडी

आजी गेल्यावर पंधराएक दिवसांनी बाबांनी तिची पत्र्याची पेटी उघडली. वर दोन नऊवारी, खाली एक जुना डबा, आणि डब्यात लाल फडक्यात बांधलेली दहा नाणी. आजी शेवटच्या आजारपणात दोनदा म्हणाली होती, "पाच तुला, पाच तुझ्या बहिणीला." बहीण म्हणजे माझी आत्या. ती लिस्बनला असते.

आमच्या घरी एक नियम आहे. ज्याला मोबाईल कळतो त्याने असली कामं करायची. म्हणून नाणी पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, एक पाकीट, चार तिकिटं, झालं!

दहापैकी सहा नाणी चांदीची होती, १८८१ आणि १८८२ सालची. एका बाजूला पोर्तुगालचा राजा लुईश पहिला, दुसऱ्या बाजूला 'इंदिया पोर्तुगेझा, उमा रुपिया'. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे ब्रिटिश रुपयाएवढंच. उरलेली चार १९५२ ची, तांबं आणि निकेलची. मी वाटणी केली: आत्याला तीन चांदीची, दोन साधी. फोटो छान यावा म्हणून एक चांदीचं नाणं चिंचेने घासून लख्ख केलं. मडगावच्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानदाराला दाखवलं तर तो हळहळला. "बाय, हे घासलंस ना? जुन्या नाण्याची काळपट झाक काढायची नसते. आता जाणकार याला पूर्वीचा भाव देणार नाही."

पाठवायचं कसं तेही त्यानेच सांगितलं. प्रत्येक नाणं वेगळ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवायचं, मऊ पीव्हीसी प्लास्टिकमध्ये नाही, कारण त्याने धातूवर हिरवट चिकट थर येतो. पाकीट हलवलं तर आवाज येता कामा नये. डब्यात डबा ठेवायचा आणि बाहेर 'नाणी' असं कुठेही दिसू द्यायचं नाही. पण कस्टमच्या फॉर्मवर मात्र खरं तेच लिहायचं.

पोस्टात गेले. काउंटरवरच्या काकांनी सरळ सांगितलं की साध्या पाकिटातून परदेशी नाणी घालता येत नाहीत, आणि विमा उतरवून पाठवायची सोय सगळ्या देशांना नसते. मग एका कुरिअरवाल्याकडे गेले. त्यांच्या नियमांत नाणी बंदच होती. तरी तिथला मुलगा हळूच म्हणाला, "बटणं लिहा ना, कोण बघतंय?"

खरं सांगते, मी फॉर्म हातात घेतला होता. कारण त्याच सकाळी आत्याचा मेसेज आला होता: "दादाला द्यायची नसतील तर तसं स्पष्ट सांगा." बाबांनी तो वाचला आणि काही न बोलता चहा अर्धाच टाकून उठले. महिनाभर मी चालढकल करत होते, आणि बोल त्यांना लागत होता.

पण 'बटणं' लिहिलं आणि पाकीट हरवलं, तर भरपाई बटणांचीच मिळणार. तीही मिळाली तर! फॉर्म तसाच घेऊन मी कॉलेजात आमच्या इतिहासाच्या सरांकडे गेले. त्यांनी साल विचारलं आणि मान हलवली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू. ती देशाबाहेर नेण्याचा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. बाकी कुणी नेली तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. पोस्ट असो, कुरिअर असो, नाहीतर बॅगेत घालून, चांदीची नाणी जाणारच नव्हती. मी इतके दिवस स्वस्त वाट शोधत होते आणि मुळात वाटच नव्हती.

त्या रात्री आत्याला व्हिडिओ कॉल केला. दहाही नाणी टेबलावर मांडली आणि कायदा, चिंच, बटणं, सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादाला दे फोन." बाबा आतल्या खोलीत गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

१९५२ च्या दोन नाण्यांना ती अडचण नव्हती. शेजारचा दादा लिस्बनला निघाला होता. पुडी त्याच्यासमोर उघडून दाखवली, आत काय आहे आणि किती किमतीचं ते कागदावर लिहून दिलं, तेव्हाच त्याने ती हातातल्या बॅगेत ठेवली. खर्च झाला तो फक्त त्याच्या आईला दिलेल्या डझनभर नेवऱ्यांचा.

डिसेंबरात आत्या आली. पेटीतली चांदीची तिन्ही नाणी तिने तळहातावर घेतली आणि लख्ख नाण्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. "आई असती तर तुझ्या हातावर फटका बसला असता."

मग तिने ती पुन्हा फडक्यात बांधली, वर चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि पुडी बाबांच्या हातात दिली. "माझी आहेत हां दादा. पण राहू देत तुझ्याकडेच."