पेडणे ते नार्वे : तीन पेडलांची वाट

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेले. डोंगर आणि नद्या यांच्या या मुलखात सपाट रस्ता फार वेळ सोबत करीत नाही. मोटार हाकण्याची विद्या शिकावी ती अशाच वाटांवर, असे आम्हांस वाटते.

मालपेहून पेडण्याकडे उतरताना पहिला धडा मिळतो. पेडले तीन, पाय मात्र दोन. डावा पाय केवळ क्लचचा. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर ही दोन्ही उजव्या पायाची. वेग वाढविणे आणि आवरणे ही कामे एकाच पायाकडे असली म्हणजे ती एकाच वेळी घडत नाहीत. उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे पुष्कळ आढळतात. तो निव्वळ भ्रम होय. आजच्या गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असता अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय उचलला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालते ठेवण्यास ते लागतेच. शिवाय इंजिनाचा आवर सुटून सारा भार ब्रेकवर येतो, आणि अति तापलेला ब्रेक धरीनासा होतो. म्हणून भरलेला ट्रक जाणता चालक खालच्या गिअरमध्येच उतरवितो.

धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसे, अस्नोडे असे करीत डिचोली गाठावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून बाहेर पडताच ब्रेक हलकेच दाबीत पुढे जावे, म्हणजे ते कोरडे होतात. पुढे नार्वे. येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी 1668 साली करविला. देवदर्शन आटोपून फेरीबोटीने दिवाडी बेट पाहून यावे.

खरी परीक्षा परतताना. बोटीतून धक्क्यावर चढायचे; पुढे चढण, मागे मांडवी. गाडी चढणीवर थांबवावी लागली तर हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर घालावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिनाचा स्वर उतरून गाडी किंचित थरथरली की क्लच तेथेच धरावा, अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबावा आणि मगच हँडब्रेक सोडावा. नुसत्या अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नये, क्लचप्लेट झिजते.

आता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या घरोघरी येत आहेत. त्यांत डाव्या पायास काम नाही. तथापि खालच्या गिअरमध्ये उतरण्याचा नियम त्यांसही लागू आहे. मागच्या आसनावर घरची मुलेबाळे असतात. त्यांच्यासाठी तरी घरातल्या नव्या चालकास या वाटेने एकदा सोबत घेऊन जावे.